मगदुमांचा दम

“गोळ्या हलल्या का?” अण्णा भाऊजींनी उंबऱ्यातूनच कुजबुजत विचारलं.

“नाही,” पलंगाशेजारच्या खुर्चीतून वन्सं तितक्याच हळू म्हणाल्या. “सकाळपासून एकपण हलली नाही.”

“वा,” भाऊजी म्हणाले. “म्हणजे हृदय शांत आहे.” आणि चपला हातात घेऊन, पाय न वाजवता आत आले.

मी स्वयंपाकघराच्या दारात शहाळं घेऊन उभी होते. ते कुणाच्या डोक्यात घालावं याचा विचार करत होते. दीर आणि नणंद अशी दोन डोकी समोर होती आणि शहाळं एकच होतं.

मिरजेच्या दवाखान्यातून घरी सोडताना आमच्या ह्यांच्याबरोबर प्लॅस्टिकचं एक यंत्र दिलं होतं. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक हलकी रंगीत गोळी, आणि खाली तोंडात धरायची एक लवचीक नळी. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. श्वास जितका खोल, तितक्या जास्त गोळ्या. बायपास झालेल्या माणसानं दिवसभर हेच करत बसायचं असतं. पण आमच्या घरात आल्यावर त्या यंत्राचं कामच बदललं. भाऊजींनी पहिल्याच दिवशी ते उलटंसुलटं करून पाहिलं, नळीत गाल फुगवून फुंकर मारली. गोळ्या ढिम्म. मग त्यांनी निकाल दिला की हे हृदयाचे धक्के मोजायचं यंत्र आहे. गोळी हलली की समजायचं, पेशंटला त्रास झाला. भाऊजी पंचायत समितीतून निवृत्त झालेले. त्यांनी दिलेल्या निकालावर अपील नसायचं.

“भाऊजी, ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं,” मी चार वेळा सांगितलं.

“इंदू, तू गप्प,” ते म्हणायचे. “छाती फाडलेल्या माणसाला तू ओढायला लावणार? टाके उसवले तर?”

आणि पलंगावरून आमचे हे मान हलवायचे. “अण्णा म्हणतोय ते बरोबर आहे,” असं इतक्या बारीक आवाजात म्हणायचे की ऐकायला वाकावं लागायचं.

माझा जीव खालीवर होत होता तो त्या आवाजानं. आमचे हे म्हणजे आनंदराव मगदूम. सबंध तालुक्यात कबड्डीवाले मगदूम म्हणून ओळख. तुम्ही आताची कबड्डी टीव्हीवर बघता, तिथं घड्याळ लावतात. ह्यांच्या काळात घड्याळ नव्हतं. एका श्वासात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, आणि तो श्वास टिकतोय तोवर माणसं बाद करून मधल्या रेषेपर्यंत परत यायचं. तिकडे दम तुटला, दुसरा श्वास घेतला, की तुम्ही बाद. ह्यांचा दम तुटत नाही अशी ख्याती होती. पुढं कारखान्यात नोकरीला लागले, पण आवाज मैदानावरचाच राहिला. चहात साखर कमी पडली तर ते कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला समजायचं. छत्तीस वर्षं मी त्या आवाजाला वैतागले. आणि आता तो माणूस चिमणी पाणी पिते तसा वरवर श्वास घेत पडला होता, कुणीही काहीही म्हटलं की “बरं” म्हणत होता.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी मला बजावून सांगितलं होतं. एस्तेर मॅडम म्हणायचे त्यांना सगळे. पोरसवदा दिसायच्या, पण पेशंटला बसतं करायचं तर दोन वॉर्डबॉय लागतील तिथं त्या एकट्या पुरायच्या.

“मावशी, हे बघा,” त्या म्हणाल्या होत्या. “हृदय म्हणजे पंप. तो सर्जननी नीट करून दिलाय. पंप रक्त फुप्फुसांकडं ढकलतो, तिथं रक्तानं हवा भरून घ्यायची, परत यायचं आणि अंगभर वाटायची. रक्त पिशवी घेऊन बाजाराला निघालंय असं समजा. पण बाजारातल्या दुकानांची शटरंच खाली असली तर?”

“रिकाम्या पिशवीनं घरी,” मी म्हणाले.

“बरोबर. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा काकांचा श्वास बाहेरच्या यंत्रावर होता. फुप्फुसं सुट्टीवर. आता ती आळसावलीत. आत बारीक बारीक फुगे असतात, खालच्या बाजूचे चिकटून बसतात, त्यात कफ साचतो. खोल श्वास घेतला आणि खोकून कफ काढला तरच ते उघडतात.”

“पण छातीचं हाड कापलंय ना?”

“तारेनं बांधलंय. उशी छातीशी घट्ट धरायची आणि दणकून खोकायचं. दुखेल, पण काही उसवत नाही.”

हे सगळं चाललं होतं तेव्हा भाऊजी खाली कँटीनमध्ये इडली खात होते. वर आल्यावर मी त्यांना सांगितलं, तर ते हसले. “ऑपरेशन हृदयाचं झालं. फुप्फुसानं कुणाचं घोडं मारलंय? त्याला कशाला राबवायचं?” मुलगा आणि सून ऑपरेशनला आली होती, ती बंगळुरूला परत गेली होती. त्यामुळं माझ्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नव्हतं.

घरी आल्यावर भाऊजींनी कारभार हातात घेतला. दाराची बेल काढून ठेवली. कुकर लावायचा नाही, शिट्टीनं दचकतील. वन्संनी देवघरातल्या घंटेच्या लोलकाला चिंधी बांधली आणि देवाला हात जोडून कारण सांगितलं. पेशंटला हसवायचं नाही, रडवायचं नाही, खोकू द्यायचं नाही, खोकला आला तर मध चाटवायचा. पलंगावरून उठवायचं तर नावच नको. मी संडासपर्यंत चालत न्यायला लागले तर वन्सं पुढं येऊन दोन्ही हात पसरायच्या. “वहिनी, माझा भाऊ आहे तो. तुम्हाला नवरा दुसरा मिळणार नाही तसा मला भाऊपण मिळणार नाही.”

भेटायला येणाऱ्यांची मात्र रीघ होती, आणि त्यांना मज्जाव नव्हता. भेटायला येणं हा तर आपला धर्मच. येणारा प्रत्येकजण सफरचंदं आणायचा, स्टुलावर बसायचा, ह्यांना त्रास नको म्हणून कुजबुजत, कुणाकुणाची बायपास झाली आणि त्यातले कोण कोण गेले हे सांगायचा. “आमच्या साडूंचंपण असंच. सगळं छान झालं होतं. बोलत होते, चहा घेतला.” मग मान हलवायची, सुस्कारा टाकायचा. जाताना ह्यांच्या पायावर हात ठेवून “काळजी करू नका” म्हणायचं. हे “बरं” म्हणायचे. त्या खोलीत त्या पाच दिवसांत खोल श्वास कुणी घेतला असेल तर तो भेटायला येणाऱ्यांनी, सुस्कारे टाकताना.

त्या दिवशी शहाळं मी कुणाच्या डोक्यात घातलं नाही. ह्यांना पाजायला गेले आणि कपाळाला हात लागला. कपाळ तापलेलं होतं. ओठ जरा काळपट दिसत होते. मी कुणालाच न विचारता आमच्या डॉक्टर आवटींना फोन केला. ते कंपाउंडरला न पाठवता स्वतः आले, पाठीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिले.

“श्वास घ्या काका. अजून खोल. अजून.”

ह्यांनी जेवढा घेतला तेवढ्यात मेणबत्ती विझली नसती.

डॉक्टर मला बाहेर घेऊन आले. भाऊजी आणि वन्सं पाठोपाठ. “डाव्या बाजूला खाली हवाच जात नाहीये,” डॉक्टर म्हणाले. “कफ साठलाय, ताप त्याचाच. औषध बदलून देतो, पण औषध एकटं काही करणार नाही. त्यांनी खोकून कफ काढला पाहिजे. उद्या सकाळी परत बघतो. असंच असेल तर मिरजेला हलवायचं. तिथं घशातून नळी घालून कफ ओढतील, श्वास कमी पडला तर मशीनवर ठेवतील. या वयात, या ऑपरेशननंतर, ती वेळ येऊ नये.”

“पण डॉक्टर, विश्रांती तर आम्ही पुरेपूर दिली,” भाऊजी म्हणाले.

“तीच जास्त झालीय,” डॉक्टर म्हणाले आणि गाडीला किक मारून गेले.

“अनुभव कमी आहे याचा,” भाऊजी म्हणाले.

मी परसात गेले आणि एस्तेर मॅडमना फोन लावला. मी म्हणाले, “हे खोकायला तयार नाहीत. यंत्राला तोंड लावत नाहीत. टाके उसवतील म्हणून जीव मुठीत धरून बसलेत. मी पाया पडले, रडले. नुसतं बरं म्हणतात.”

त्या म्हणाल्या, “मावशी, हसू, गाणं, ओरडणं, काहीही चालेल. छाती भरून श्वास आत गेला पाहिजे. एकदा गेला की खोकला आपोआप येतो. उशी मात्र सोडू देऊ नका.”

फोन ठेवला आणि तिथंच दगडी पायरीवर बसले. हसवणं मला जमत नाही. गाणं तर नाहीच. माणसाला ओरडायला लावणं मात्र मला छत्तीस वर्षं जमत आलं होतं.

दुपारी बापू चौगुले आले. ह्यांच्या संघातले, ह्यांच्या डाव्या हाताला खेळायचे. शिरस्त्याप्रमाणे सफरचंदं ठेवली, स्टुलावर बसले. बाकीच्यांपेक्षा माणूस चांगला, कोण गेलं ते सांगत बसले नाहीत. जुन्या आठवणी काढल्या, त्याही कुजबुजत. अखेर गाडी कारखान्याच्या मैदानावरच्या त्या अंतिम सामन्यावर आलीच. ह्या घरातली प्रत्येक गाडी कधी ना कधी तिथं येते. शेवटची चढाई, दोन गुणांनी मागे, समोर कोल्हापूरचा संघ, आणि हे एका श्वासात तिघांना बाद करून परत आले. त्या चढाईवर ह्यांना कारखान्यात नोकरी मिळाली. त्या चढाईचं ऐकूनच माझ्या वडिलांनी मला ह्यांना दिली.

“काय दम होता वहिनी,” बापू म्हणाले. “एका श्वासात तिघं. मगदुमांचा दम.”

पलंगावर हे किंचित हसले.

“एका श्वासात?” मी म्हणाले. चांगल्या मोठ्यानं म्हणाले. वन्संच्या हातातली जपमाळ थांबली. “कोण म्हणतं?”

“अख्खं मैदान म्हणतं वहिनी.”

“मैदानाला दिसलं नसेल. मला दिसलं. परत फिरताना ह्यांनी मान खाली घातली आणि दुसरा श्वास घेतला. चोरून.”

पलंगावरून आवाज आला, “काय म्हणालीस?”

“ऐकू नाही आलं? मग मोठ्यानं विचारा. चिवचिव काय करताय?”

“तू... खोटं... बोलतेस.” तीन शब्दांना तीन श्वास लागले.

“मी होते तिथं. बायकांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. तुम्ही चोरी केलीत. मगदुमांचा दम म्हणे. छत्तीस वर्षं ऐकतेय. अहो, तेवढा दम आमच्या तासगावच्या शेवयावाल्या म्हातारीला होता.”

“इंदू,” भाऊजी खुर्चीतून उठले. “त्याचं हृदय.”

“हृदय डॉक्टरांनी नीट केलंय भाऊजी. मी दमाचं बोलतेय. तो कधी नव्हताच.”

“अगं ए,” हे म्हणाले, आणि या वेळी आवाज जरा वर आला. कोपरावर रेटून उठायला लागले. मी उशी उचलली आणि त्यांच्या छातीवर दाबली.

“ही धरा आधी. घट्ट. नाहीतर परत टाक्यांचं निमित्त सांगाल.”

“निमित्त?” त्यांनी उशी दोन्ही हातांनी आवळली. रागानं आवळली, पण आवळली. “निमित्त सांगतो मी? पंच आंधळे होते? बापू, सांग हिला. सांग.”

“वहिनी, सोडा ना आता,” बापू रडकुंडीला आले.

“बापूंना कशाला विचारताय? आहे ना दम, मग दाखवा. इथून त्या भिंतीपर्यंत एका श्वासात म्हणून दाखवा. नाही जमणार. मला माहीत आहे.”

त्यांचे डोळे लाल झाले. नाकपुड्या फुगल्या. आणि त्या माणसानं आठवड्याभरात पहिल्यांदा छाती भरून श्वास आत ओढला. दुखलं, तोंड वेडंवाकडं झालं, पण मागं हटले नाहीत.

“कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी,” त्यांनी सुरू केलं. आवाज फाटका होता, पण आवाज होता. शेजारच्या काकूंनी खिडकी उघडल्याचं ऐकू आलं. “कबड्डी कबड्डी कब...” आणि खोकला आला.

तसा खोकला मी जन्मात पाहिला नाही. पोटातून यायचा, सगळा पलंग हलायचा. “मारलं हो, मारलं हिनं माझ्या भावाला,” म्हणत वन्सं देवघराकडं पळाल्या. भाऊजी मधाची बाटली घेऊन आले आणि झाकण उघडेना म्हणून तिथंच घुटमळत राहिले. मी समोरून दोन्ही तळव्यांनी उशी दाबून धरली होती. मला भीती वाटत होती, खरंच सांगते. हे आत्ता गेले तर मी ह्यांना शेवटचं काय बोलले, चोर. एवढंच डोक्यात घुमत होतं. बापूंनी शहाणपणा केला. कोपऱ्यातलं वाडगं आणून ह्यांच्या हनुवटीखाली धरलं. त्यात जे पडलं ते इथं सांगत नाही, पण वाडगं भरायला आलं होतं.

खोकून संपल्यावर हे उशीवर डोकं टेकून पडले. घामानं निथळले होते. ओठांचा काळपटपणा गेला होता.

“पाणी,” ते म्हणाले. आणि मग, “ही बाई खोटारडी आहे.” ते दारापर्यंत ऐकू गेलं.

भाऊजींनी चपला घातल्या. घरातच घातल्या, आणि चांगल्या वाजवत बाहेर पडले. जाताना म्हणाले, “या घरातलं पाणीसुद्धा मला वर्ज्य.” संध्याकाळी अडुळशाचा काढा घेऊन परत आले, आणि बरोबर चहाही घेतला.

त्या संध्याकाळभर हे रागानं यंत्र मागून घ्यायचे, एक श्वास ओढायचे, माझ्याकडं बघायचे, आणि परत ओढायचे. सकाळी डॉक्टर आवटी आले, पाठीला नळी लावली. “खाली हवा जातेय,” ते म्हणाले. “मिरजेला न्यायची गरज नाही. काय केलंत काय?”

“अडुळसा,” भाऊजी म्हणाले.

आमच्या घराण्यात आजही तसंच सांगतात. अण्णांच्या काढ्यानं आनंदाला जीवदान मिळालं, आणि बायकोनं मात्र त्याच दिवशी भांडण काढलं होतं. लग्नाकार्यात नव्या सुनांना माझ्याकडं बोट दाखवून ही गोष्ट ऐकवली जाते. मी वाढायचं काम करत राहते. काढ्यानं जीव वाचला म्हणणाऱ्या घरात माझं काही बिघडत नाही, ज्याचा वाचला तो पुढं बारा वर्षं माझ्यासमोर जेवायला बसत होता.

त्या सकाळी डॉक्टर गेल्यावर वन्सं आंघोळीला गेल्या, भाऊजी बाजारात. हे उशाला टेकून बसले होते. यंत्र मांडीवर होतं, तोंडाला लावत नव्हते. मी औषधं काढत होते.

“इंदू,” ते म्हणाले.

“काय?”

“तुला कसं दिसलं?”

मी वळले. ते माझ्याकडं बघत नव्हते, चादरीचा काठ चिमटीत धरून बसले होते.

“बापूला दिसलं नाही. पंचांना दिसलं नाही,” ते म्हणाले. “तिसऱ्याला हात लावला आणि छातीत काही उरलंच नव्हतं. डोळ्यांपुढं अंधारी आली. रेषा चार पावलांवर होती. वाटलं, आता पडतो आणि मरतो. मान खाली घातली आणि घेतला. जरासाच घेतला.” “नोकरी त्याच्यावर मिळाली. तू त्याच्यावर मिळालीस. सगळं त्या एका चोरीवर. आणि तू पहिल्या रांगेत होतीस.”

हे असेपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता सांगायला हरकत नाही. मी त्या मैदानावर पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. सामना झाला त्या दिवशी मी तासगावला माहेरी कांजिण्यांनी अंथरुणावर होते. आनंदराव मगदूम नावाचा कुणी माणूस आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ह्यांना सगळ्यात जास्त काय झोंबेल ते मी शोधलं आणि तेच तोंडाला येईल तसं बोलून गेले. ते खरं निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मी तोंड उघडलं होतं. सांगणारच होते. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. डोळे भरलेले होते, आणि त्यांनी परत श्वास अडवून धरला होता.

“म्हणजे तुला सगळं माहीत होतं,” ते म्हणाले. “आणि तरी माझ्याशी लग्न केलंस?”

मी औषधाची पट्टी खाली ठेवली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

“केलं,” मी म्हणाले. “आता श्वास घ्या. इथं कुणी पंच नाही.”